झिजलेले टायर आणि रिकाम्या खुर्च्या

अहमदाबादच्या विमान दुर्घटनेला दोन आठवडेही पूर्ण झाले नव्हते, तेव्हा नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाच्या (डीजीसीए) दोन पथकांनी दिल्ली, मुंबई आणि इतर मोठ्या विमानतळांवर रात्री व पहाटेच्या वेळी तपासणी हाती घेतली. तिचे निष्कर्ष २४ जून २०२५ रोजी जाहीर झाले. एका देशांतर्गत विमानाचे टायर झिजलेले आढळले, म्हणून ते रोखून धरावे लागले आणि दुरुस्तीनंतरच सोडण्यात आले. काही विमानांत एकदा नोंदवलेले बिघाड पुन:पुन्हा उद्भवत होते. याचा अर्थ, आधीची दुरुस्ती पुरेशी झाली नव्हती. देखभालीच्या लेखी आदेशाप्रमाणे काम झालेले नव्हते. विमानाच्या यंत्रणेने स्वत:हून दिलेल्या बिघाडाच्या सूचना तांत्रिक नोंदवहीत उतरल्याच नव्हत्या. आसनाखालची जीवरक्षक जाकिटे नीट बसवलेली नव्हती. विमान कंपन्यांची नावे महासंचालनालयाने जाहीर केली नाहीत.

या यादीतील एकही गोष्ट गुंतागुंतीच्या तंत्रज्ञानाची नाही, आणि म्हणूनच ती गंभीर आहे. झिजलेला टायर ओळखण्यासाठी प्रयोगशाळा लागत नाही. विमानाभोवती एक फेरी मारणाऱ्या जाणत्या माणसाला तो दिसतो. तो आधी कोणालाच दिसला नाही काय, की दिसूनही विमान पुढे गेले? या प्रश्नाचे उत्तर केवळ त्या फेरीत सापडत नाही. ते कंपनीच्या ताळेबंदात, महासंचालनालयाच्या आस्थापना सूचीत आणि दिल्लीतील मंत्रालयाच्या अधिकारकक्षेत शोधावे लागते.

एक खुलासा येथेच करायला हवा. १२ जून २०२५ रोजी अहमदाबादहून लंडनकडे निघालेले एअर इंडियाचे बोइंग ७८७ विमान कोसळून विमानातील २४१ आणि जमिनीवरील १९ अशा २६० जणांचा बळी गेला. जुलैमध्ये आलेल्या प्राथमिक अहवालाने दोन्ही इंजिनांचा इंधनपुरवठा उड्डाणानंतर काही क्षणांतच बंद झाल्याचे सांगितले. तो का बंद झाला याचा निवाडा मात्र त्या अहवालाने केला नाही. त्यामुळे त्या दुर्घटनेला देखभालीतील हलगर्जीचे उदाहरण म्हणून पुढे करणे अन्यायाचे ठरेल. मंगळूर (२०१०) आणि कोळिकोड (२०२०) येथील अपघातही विमान उतरताना झाले होते. पण अहमदाबादनंतर घाईने झालेल्या तपासणीत जे उघड झाले, ते अपघाताआधीही तेथेच होते. ते पाहण्यासाठी इतक्या मोठ्या दुर्घटनेची वाट पाहावी लागली, हे अधिक चिंताजनक आहे.

दोन स्वाक्षऱ्यांची व्यवस्था

प्रवासी विमान उड्डाणापूर्वी दोन माणसांच्या हातून जाते. पहिला विमान देखभाल अभियंता. नोंदवहीतील बिघाड तपासून, दुरुस्त करून किंवा नियमानुसार पुढे ढकलून, विमान सेवेस योग्य असल्याचा दाखला तो स्वत:च्या परवान्यावर देतो. दुसरा मुख्य वैमानिक. तो नोंदवही वाचतो. तो किंवा सहवैमानिक विमानाभोवती फिरून चाके, इंजिनाची तोंडे, वेग व उंची मोजणारी नळकांडी आणि छिद्रे पाहतो. मग कॉकपिटमध्ये एकेक स्विच तपासयादीप्रमाणे पडताळून विमान ताब्यात घेतल्याची स्वाक्षरी करतो. एकाची चूक दुसऱ्याने पकडावी, यासाठी ही रचना आहे. दोघेही एकाच वेळी एकच गोष्ट नजरेआड करतील अशी शक्यता फार कमी, असे यामागचे गृहीतक आहे. व्यवहारात घड्याळ दोघांवरही सारखेच स्वार असेल, तर हे गृहीतक टिकत नाही.

याचे सर्वांत क्लेशकारक उदाहरण सायप्रसमधील हेलिओस एअरवेजचे आहे. १४ ऑगस्ट २००५ रोजी पहाटे लंडनहून लार्नाकाला आलेल्या बोइंग ७३७ च्या मागच्या दारातून आवाज येत असल्याची आणि दाराच्या कडेला बर्फ धरल्याची तक्रार कर्मचाऱ्यांनी नोंदवली. अभियंत्याने दार तपासले, केबिनमधील हवेचा दाब गळतो आहे का याची चाचणी घेतली. त्या चाचणीसाठी दाब नियंत्रित करणारा स्विच 'ऑटो'वरून 'मॅन्युअल'वर न्यावा लागतो. चाचणी संपली, गळती आढळली नाही. स्विच मात्र मॅन्युअलवरच राहिला. अथेन्समार्गे प्रागला निघालेल्या त्या विमानाच्या वैमानिकांना तो स्विच उड्डाणपूर्व तयारीत दिसला नाही, इंजिन सुरू करण्यापूर्वीच्या यादीत दिसला नाही आणि उड्डाणानंतरच्या यादीतही दिसला नाही.

विमान सुमारे १२ हजार फुटांवर असताना धोक्याचा भोंगा वाजला. जमिनीवर असताना उड्डाणाची मांडणी चुकली असेल, तरीही अगदी तसाच भोंगा वाजतो. वैमानिकांनी त्याचा अर्थ तसाच लावला. विरळ हवेने त्यांची विचारशक्ती मंदावत गेली आणि ते बेशुद्ध पडले. स्वयंचलित यंत्रणेने विमान ३४ हजार फुटांवर नेले आणि ते अथेन्सजवळच्या आकाशात घिरट्या घालत राहिले. ग्रीक हवाई दलाची दोन लढाऊ विमाने जवळ गेली, तेव्हा त्यांना निश्चल सहवैमानिक दिसला आणि अखेरच्या काही मिनिटांत कॉकपिटमध्ये आलेला, शुद्धीवर असलेला एक केबिन कर्मचारीही दिसला. इंधन संपले आणि ग्रामातिको गावाजवळच्या टेकड्यांवर विमान कोसळले. १२१ जण गेले. विमानात यांत्रिक दोष असा काही नव्हता. एक स्विच आपल्या जागी नव्हता, एवढेच.

ग्रीक चौकशी मंडळाचा अहवाल मात्र 'एवढेच' म्हणून थांबला नाही. कंपनीची सदोष संघटना, गुणवत्ता व्यवस्थापनातील उणिवा, सुरक्षेच्या संस्कृतीचा अभाव आणि सायप्रसच्या नियामक यंत्रणेने देखरेखीची जबाबदारी वर्षानुवर्षे अपुऱ्या रीतीने पार पाडणे ही त्याने मूळ कारणांत गणली. याच प्रकारच्या विमानांत दाबाविषयीच्या चुका पूर्वीही घडल्या असताना उत्पादकाने योजलेले उपाय निष्प्रभ ठरले, हेही त्याने नमूद केले. स्विच एका माणसाच्या हातून राहिला, पण तो राहू शकेल अशी परिस्थिती अनेकांनी मिळून तयार केली होती.

हे सारे परदेशात घडते असे मानण्याचे कारण नाही. २० सप्टेंबर २०१८ रोजी मुंबईहून जयपूरला निघालेल्या जेट एअरवेजच्या बोइंग ७३७ मध्ये १६६ प्रवासी होते. इंजिनातील हवा केबिनकडे वळवणारा स्विच सुरू करण्याचे वैमानिकांकडून राहून गेले. केबिनमध्ये दाब तयार झाला नाही, प्राणवायूचे मुखवटे खाली आले, सुमारे तीस प्रवाशांच्या नाकाकानांतून रक्त आले आणि विमान मुंबईला परतले. हेलिओसच्या दुर्घटनेला तेव्हा तेरा वर्षे झाली होती. जगभरच्या वैमानिकांना ती शिकवली जात होती. तरीही मुंबईच्या धावपट्टीवरून तशाच प्रकारची चूक आकाशात गेली. या वेळी वैमानिक वेळीच सावध झाले, म्हणून ती बातमी दोन दिवसांत विरली. दोन्ही वैमानिकांना कामावरून दूर करण्यात आले आणि लोकांच्या लेखी प्रकरण तेथेच संपले.

चूक कोठे जन्मते

एखाद्या माणसाला दोषी ठरवून प्रकरण मिटवण्याचा मोह प्रत्येक देशात दिसतो. २ ऑक्टोबर १९९६ रोजी लिमाहून सांतियागोला निघालेले एरोपेरूचे बोइंग ७५७ समुद्रात कोसळले आणि ७० जणांचा अंत झाला. विमान धुताना, उंची व वेग मोजण्यासाठी हवेचा दाब घेणाऱ्या छिद्रांवर चिकटपट्टी लावली होती. ती काढायची राहिली. रात्रीच्या अंधारात ती पर्यवेक्षकाला दिसली नाही, वैमानिकालाही दिसली नाही. पुढे तुरुंगवासाची शिक्षा झाली ती विमान धुणाऱ्या कर्मचाऱ्याला, म्हणजे त्या साखळीतील सर्वांत तळाच्या माणसाला. हेलिओस प्रकरणात उलट घडले. ग्रीसमधील न्यायालयाने २०१२ मध्ये कंपनीतील वरिष्ठांना दोषी ठरवले; सायप्रसमधील न्यायालयाने मात्र त्याआधीच आरोपींना मुक्त केले होते. जबाबदारी कोणत्या पायरीवर थांबवायची, याविषयी कायद्याची दृष्टीही एक नाही.

चौकशी अहवाल बारकाईने वाचले की मात्र चूक कोठे जन्मते हे पुरेसे स्पष्ट दिसते. १० जून १९९० रोजी बर्मिंगहॅमहून निघालेल्या ब्रिटिश एअरवेजच्या विमानाची समोरची काच हवेत निखळली आणि मुख्य वैमानिक अर्धाअधिक बाहेर ओढला गेला. सहकाऱ्यांनी त्याचे पाय धरून ठेवले, सहवैमानिकाने विमान साउदॅम्प्टनला उतरवले आणि सर्वांचे प्राण वाचले. काच आदल्या दिवशीच्या पहाटे बदलली होती. तिच्या ९० बोल्टांपैकी ८४ ठरलेल्या मापापेक्षा बारीक होते आणि उरलेले आखूड. रात्रपाळीत माणसे कमी असल्याने पाळीप्रमुखाने स्वत:च काम अंगावर घेतले आणि बोल्ट सूचीत न पाहता नजरेने जुळवले. दुसऱ्याने ते तपासावे असे नियमाने बंधनकारक नव्हते. हा माणूस कामचुकार नव्हता. किंबहुना काम वेळेत व्हावे म्हणून झटणारा होता. कमी माणसांत जास्त काम पार पाडणाऱ्याचे कौतुक करणारी व्यवस्था अशा वेळी स्वत:च धोका बनते.

अलास्का एअरलाइन्सचे प्रकरण याहून एक पायरी वरचे आहे. ३१ जानेवारी २००० रोजी कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्याजवळ तिचे एमडी-८३ विमान समुद्रात कोसळले आणि ८८ जण मृत्युमुखी पडले. शेपटीचा आडवा पंख हलवणाऱ्या स्क्रूला पुरेसे वंगण मिळाले नव्हते, त्यामुळे त्याच्या नटाचे आटे झिजून गेले होते. येथे कोणी विसरले, इतकेच घडले नव्हते. वंगण देण्याच्या दोन वेळांमधील अंतर कंपनीने वाढवले होते आणि अमेरिकेच्या संघीय विमान वाहतूक प्रशासनाने त्याला मंजुरी दिली होती. अमेरिकी चौकशी मंडळाने दोघांचेही नाव कारणांत घेतले. हलगर्जी कागदोपत्री मंजूर होते, तेव्हा ती हलगर्जी म्हणून ओळखूही येत नाही.

उधारीवरची दुरुस्ती

या पार्श्वभूमीवर भारताकडे पाहिले पाहिजे. २०२४ मध्ये देशांतर्गत विमानांनी १६ कोटींहून अधिक प्रवाशांनी प्रवास केला. एकट्या २०२३ मध्ये इंडिगोने ५०० आणि एअर इंडियाने ४७० विमानांची मागणी नोंदवली. दिल्लीत नोकरी आणि पुण्याला, नागपूरला किंवा पणजीला घर असलेल्या मराठी कुटुंबाला रेल्वेच्या आरक्षणाऐवजी आता रात्रीचे शेवटचे विमान सोयीचे वाटते, हा बदल लहान नाही. त्या स्वस्त तिकिटामागचे गणित मात्र साधे आहे. विमान जमिनीवर उभे असताना पैसे मिळवत नाही. उतरल्यापासून अर्ध्या तासाच्या आत ते पुन्हा निघावे, यावर सारा व्यवसाय उभा आहे. त्या अर्ध्या तासात प्रवासी उतरतात, सफाई होते, इंधन भरले जाते, सामान चढते आणि त्याच वेळात अभियंत्याने व वैमानिकाने विमान पाहायचे असते. वेळ कमी पडली, तर सफाई कमी झाल्याचे प्रवाशाच्या लगेच लक्षात येते. पाहणी कमी झाल्याचे कोणाच्याच लक्षात येत नाही.

दुसरी सोय 'मिनिमम इक्विपमेंट लिस्ट'ची, म्हणजे किमान उपकरणांच्या यादीची. काही उपकरणे बंद असली, तरी ठरावीक दिवसांपर्यंत आणि ठरावीक अटींवर विमान उडवण्याची मुभा ही यादी देते. ही व्यवस्था जगमान्य आहे, आवश्यकही आहे. एखादा वाचनदिवा बंद आहे म्हणून दीडशे प्रवासी अडवणे शहाणपणाचे नव्हे. पण ही मुभा सुटे भाग येईपर्यंतची आहे. सुटे भाग विकत घेण्यासाठीच पैसे नसतील, तर मुभेचा परिपाठ बनतो.

नेमके हेच २०२२ मध्ये स्पाइसजेटच्या बाबतीत सरकारी कागदावर आले. जून-जुलैत अठरा दिवसांत आठ घटना घडल्यानंतर महासंचालनालयाने कंपनीला कारणे दाखवा नोटीस बजावली. सप्टेंबर २०२१ मधील आर्थिक तपासणीचा दाखला तिच्यात होता: पुरवठादारांचे पैसे नियमित दिले जात नाहीत, त्यामुळे सुट्या भागांची टंचाई आहे आणि किमान उपकरणांच्या यादीचा आधार वारंवार घेतला जात आहे. अंतर्गत सुरक्षा देखरेख आणि देखभाल अपुरी असल्याचा ठपकाही होता. २७ जुलै २०२२ रोजी कंपनीची उड्डाणे आठ आठवड्यांसाठी निम्म्यावर आणण्यात आली आणि पुढे ही मुदत ऑक्टोबरअखेरपर्यंत वाढली. कारवाई योग्यच होती. पण सप्टेंबर २०२१ मध्ये जे कळले होते, त्याचा परिणाम नोटिशीत उतरायला जुलै २०२२ उजाडावे लागले. मधल्या दहा महिन्यांत तीच विमाने, तेच प्रवासी आणि तीच थकबाकी होती.

त्याच महिन्यात महासंचालनालयाने सर्वच कंपन्यांची अचानक तपासणी केली. बिघाडाचे खरे कारण ओळखले जात नाही, पुढे ढकललेल्या बिघाडांचे प्रमाण वाढते आहे, एकापाठोपाठ निघणाऱ्या विमानांसाठी प्रमाणित अभियंते जागेवर उपलब्ध नाहीत, असे तिच्यात आढळले. त्यानंतर आदेश निघाला की मूळ तळ असो वा वाटेतला थांबा, विमान सोडण्याचा दाखला 'बी-१' अथवा 'बी-२' श्रेणीच्या परवानाधारक अभियंत्यानेच द्यावा. मर्यादित अधिकाराच्या 'ए' श्रेणीवर भागवू नये. एवढी मूलभूत गोष्ट आदेश काढून सांगावी लागली, यातच तोवर काय चालत होते याचे उत्तर आहे.

कागदाची शिस्तही तितकीच सैल असल्याचे नोव्हेंबर २०२५ मध्ये दिसले. उड्डाणयोग्यता पुनर्विलोकन प्रमाणपत्राची मुदत संपलेली असताना एअर इंडियाचे एक एअरबस विमान आठ फेऱ्या करून आले. चूक लक्षात आल्यावर कंपनीने स्वत:च ती महासंचालनालयाला कळवली, हे नोंदवले पाहिजे. पण आठ वेळा विमान सोडले गेले आणि आठही वेळा त्या एका तारखेकडे कोणाचे लक्ष गेले नाही. हेलिओसच्या स्विचची येथे आठवण झाल्याशिवाय राहत नाही.

मोठ्या दुरुस्तीच्या बाबतीत सरकारने अलीकडे काही पावले टाकली आहेत. विमान दुरुस्तीवरील वस्तू व सेवा कर २०२० मध्ये १८ टक्क्यांवरून पाचवर आला, तर २०२४ मध्ये सुट्या भागांवरील आयात कराचा दरही सरसकट पाच टक्के झाला. नागपूरच्या मिहानमध्ये बोइंगने उभारलेले दुरुस्ती केंद्र २०१५ पासून आहे. हे स्वागतार्ह असले, तरी या धोरणाचा भर हँगरमधील मोठ्या कामावर आणि परदेशात जाणारा पैसा वाचवण्यावर आहे. रात्री दोन वाजता उघड्या तळावर, विजेरीच्या प्रकाशात होणारे रोजचे काम त्याच्या कक्षेत येत नाही. आणि झिजलेला टायर तेथेच असतो.

निम्म्या मनुष्यबळाचा नियामक

अभियंत्याने विमान अडवले की उशीर होतो. उशिराची किंमत रुपयांत मोजता येते आणि ती त्याच दिवशी कळते. अडवल्यामुळे टळलेल्या अपघाताची किंमत मात्र कोणत्याही हिशेबात येत नाही, कारण तो घडतच नाही. म्हणून 'नाही' म्हणणाऱ्या अभियंत्याच्या पाठीशी, कंपनीच्या बाहेरची, कंपनीहून बलवान अशी एक शक्ती उभी असावी लागते. ही शक्ती म्हणजे नियामक. भारतात तिची अवस्था काय आहे?

संसदेच्या परिवहन, पर्यटन आणि संस्कृतीविषयक स्थायी समितीने ऑगस्ट २०२५ मध्ये नागरी विमान वाहतुकीच्या सुरक्षेवरील अहवाल सादर केला. महासंचालनालयात १,०६३ मंजूर पदांपैकी ५५३ भरलेली होती, असे त्यात म्हटले आहे. म्हणजे जवळजवळ निम्म्या खुर्च्या रिकाम्या. संघ लोकसेवा आयोगामार्फत होणारी भरती संथ आणि अशा विशेष तांत्रिक पदांसाठी पुरेशी लवचिक नाही, याकडेही समितीने बोट दाखवले. सरकारी सेवेचा अनुभव असणाऱ्यांना यात नवल वाटणार नाही. मागणीपत्र, भरती नियमांतील दुरुस्ती, जाहिरात, मुलाखत, पडताळणी या वाटेवर दोन वर्षे सहज जातात. तोवर अनुभवी अभियंता दुप्पट पगारावर खासगी कंपनीत गेलेला असतो. मग ज्यांची तपासणी करायची त्यांच्याकडूनच माणसे उसनी घेण्याची वेळ येते.

हा इशारा पहिला नव्हे. ३१ जानेवारी २०१४ रोजी अमेरिकेने भारताच्या हवाई सुरक्षा देखरेखीचा दर्जा दुसऱ्या श्रेणीत उतरवला होता. पूर्णवेळ उड्डाण निरीक्षकांची कमतरता हे त्यामागचे एक प्रमुख कारण होते. भारतीय कंपन्यांना अमेरिकेत नवी उड्डाणे सुरू करता येईनात, तेव्हा पदे निर्माण झाली, धावपळ झाली आणि एप्रिल २०१५ मध्ये दर्जा परत मिळाला. परकीय नियामकाने व्यापार अडवला की सरकारला गती येते, असा धडा त्यातून मिळाला. दर्जा परत मिळताच ती गती ओसरली, हे १,०६३ आणि ५५३ या दोन आकड्यांवरून दिसते.

दुसरा प्रश्न स्वायत्ततेचा. महासंचालनालयाच्या जागी स्वतंत्र नागरी विमान वाहतूक प्राधिकरण स्थापन करण्याचे विधेयक ऑगस्ट २०१३ मध्ये लोकसभेत मांडले गेले आणि लोकसभेबरोबरच व्यपगत झाले. २०२० च्या दुरुस्तीने महासंचालनालयाला आणि अपघात चौकशी विभागाला कायद्याचे अधिष्ठान मिळाले, दंडाची कमाल मर्यादा दहा लाखांवरून एक कोटीवर गेली. १९३४ च्या कायद्याची जागा घेणारा भारतीय वायुयान अधिनियम १ जानेवारी २०२५ पासून अमलात आला. परंतु या संस्थांना निर्देश देण्याचा आणि त्यांच्या आदेशांचा फेरविचार करण्याचा अधिकार केंद्र सरकारकडेच राहिला. विमाने वाढावीत, मार्ग वाढावेत, भाडी आटोक्यात राहावीत, यासाठी झटणारे मंत्रालयच सुरक्षेच्या नियामकाचे आणि अपघात चौकशीच्या यंत्रणेचेही पालक आहे. स्थायी समितीने महासंचालनालयाला पूर्ण आर्थिक व प्रशासकीय स्वायत्तता द्यावी अशी शिफारस केली, ती याच कारणासाठी.

या रचनेत कसोटीचा क्षण आला की काय होते, हे डिसेंबर २०२५ मध्ये देशाने पाहिले. प्रश्न देखभालीचा नव्हता, वैमानिकांच्या विश्रांतीचा होता. पण नियामकाच्या बळाची परीक्षा त्यात झाली. थकवा कमी करणारे नवे नियम जानेवारी २०२४ मध्ये जाहीर झाले होते. दिल्ली उच्च न्यायालयातील सुनावणीनंतर ते टप्प्याटप्प्याने लागू करायचे ठरले आणि दुसरा टप्पा १ नोव्हेंबर २०२५ ला सुरू झाला. निम्म्याहून अधिक देशांतर्गत बाजारपेठ हाती असलेल्या इंडिगोची तयारी पुरी नव्हती. डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात हजारो उड्डाणे रद्द झाली, विमानतळांवर सामानाचे डोंगर उभे राहिले आणि महासंचालनालयाने त्या कंपनीला फेब्रुवारी २०२६ पर्यंत नियमांतून तात्पुरती सूट दिली. अडकलेल्या प्रवाशांचा विचार करता सरकारपुढे दुसरा मार्ग नव्हता, असा बचाव केला जातो, आणि तो अगदीच निराधार नाही. परंतु त्यातून गेलेला संदेश पुसता येणार नाही: कंपनी पुरेशी मोठी असेल, तर सुरक्षेच्या नियमालाच वाट सोडावी लागते. हा संदेश रात्रपाळीतील अभियंत्यापर्यंतही पोचतो. महासंचालनालयाला जे जमले नाही, ते एका पगारदार माणसाने आपल्या परवान्याच्या बळावर करावे, अशी अपेक्षा मग कोणत्या तोंडाने करायची?

शिक्षा आणि कबुली

चूक करणाऱ्याला निलंबित करणे सोपे असते आणि ते बातमीतही छान दिसते. हेतुपुरस्सर खोटी नोंद करणाऱ्याची गय करू नये, यात दुमत नाही. पण प्रामाणिक विसर कबूल करणाऱ्यालाही तीच शिक्षा मिळू लागली, की नोंदवह्या स्वच्छ होतात आणि विमाने तशीच राहतात. जून २०२५ च्या तपासणीत, यंत्रणेने दिलेल्या सूचना नोंदवहीत उतरल्याच नव्हत्या, हे विसरता येत नाही. नोंद केली की विमान अडते आणि विमान अडले की विचारणा होते, हे ठाऊक असलेला माणूस काय करतो, याचा तो पुरावा असू शकतो. चुका निर्भयपणे कळवता येतील आणि त्या सर्व कंपन्यांना वाचायला मिळतील अशी पद्धत जगातील सुरक्षित हवाई व्यवस्थांनी प्रयत्नपूर्वक रुजवली आहे. आपल्याकडे तपासणीत दोष सापडलेल्या कंपन्यांची नावेदेखील प्रवाशांना कळत नाहीत.

विमानप्रवास आजही प्रवासाच्या सर्वांत सुरक्षित साधनांपैकी एक आहे. तो तसा आहे तो विमानाच्या पोटाखाली वाकून पाहणाऱ्या, नोंदवही दुसऱ्यांदा उघडणाऱ्या आणि प्रवाशांची नाराजी पत्करून 'हे विमान आत्ता जाणार नाही' असे म्हणणाऱ्या माणसांमुळे. त्यांची नावे कोणाला ठाऊक नसतात, कारण त्यांच्या विमानांना काही होत नाही. त्यांना विश्रांतीचे बंधनकारक नियम हवेत, एकाच्या कामावर दुसऱ्याची नजर पडेल इतकी माणसे हवीत, आणि त्यांनी विमान अडवल्यावर कंपनीचा फोन आला, तर त्याला उत्तर देणारा पूर्ण मनुष्यबळाचा आणि स्वत:च्या निर्णयावर ठाम राहू शकणारा नियामक हवा.

स्थायी समितीची शिफारस सरकारच्या टेबलावर आहे. सुरक्षेशी तडजोड नाही, हे वाक्य प्रत्येक दुर्घटनेनंतर संसदेत ऐकू येते. त्याची सत्यता पडताळण्यासाठी फार दूर जायला नको. पुढच्या वेळी समिती याच विषयावर अहवाल मांडेल, तेव्हा ५५३ च्या जागी कोणता आकडा असेल, एवढे पाहिले तरी पुरे.